जालिंदरच्या डोक्यातलं जुनं रक्त

धारूरच्या बंकटचा बँड लग्नसराईत गेवराईपासून परळीपर्यंत फिरतो. त्या बँडमध्ये जालिंदर क्लॅरिनेट वाजवायचा, म्हणून गाव त्याला मास्तर म्हणायचं. उंच, अंगानं वाळका, बोलायला कमी. वाजवून वाजवून त्याचे गाल सैल पडले होते. बँडमधले बाकीचे बदलत राहिले, कुणी पुण्याला गेला, कुणी रिक्षा घेतली. जालिंदर मात्र तरुणपणापासून साठी उलटेपर्यंत तिथंच राहिला.

बँडवाले पितात, तसा तोही प्यायचा. वरातीच्या आधी टेम्पोच्या मागं उभं राहून थोडी घ्यायची आणि मग वाजवायचं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणत होते, तेव्हा चार शीलं म्हणून जालिंदर थांबला. पाचवं दारूचं होतं. बाकीचे म्हणून मोकळे झाले, हा हात जोडून तसाच गप्प बसून राहिला. नंतर कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "पाळीत न्हाई ते कसं म्हणू?" त्या दिवसानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. पुढच्या पौर्णिमेला पाची शीलं म्हणाला. हळूहळू वस्तीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडं पाठवू लागल्या. तो उपदेश वगैरे करायचा नाही. नुसता शेजारी बसवून घ्यायचा, चहा पाजायचा.

त्याची बायको सिंधुबाई अंगणवाडीत मदतनीस. मुलगा संजय वीज मंडळात वायरमन. घर बरं चाललं होतं.

त्या वर्षी थंडी सरताना जालिंदरचं डोकं दुखायला लागलं. दिवसभर एक जडपणा असायचा, वाकलं की वाढायचा. त्यानं बाम चोळला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग तो दुपारचा झोपायला लागला, आणि झोपला की उठता उठेना. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला कळायचंही नाही. एका पायात चप्पल घालून तो घरी यायचा. सिंधुबाई चप्पल शोधायला रस्त्यावर जायची.

क्लॅरिनेटची वरची भोकं डाव्या हाताच्या बोटांनी झाकावी लागतात. जरा फट राहिली की सूर चिरकतो. जालिंदरचा सूर आजवर चिरकला नव्हता. आता भर मांडवात चिरकायला लागला. बंकट ढोलाशेजारून त्याच्याकडं बघायचा. एकदा तर नवरा घोड्यावर बसला तरी जालिंदरला पुढचं गाणं आठवेना. तो क्लॅरिनेट तोंडाशी धरून नुसता उभा राहिला.

"काय झालंय बे तुला?" बंकटनं विचारलं.

"बोटं ऐकत न्हाईत," जालिंदर म्हणाला.

बंकटनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ढोलापाशी परत गेला. बँडमध्ये बोटं कशानं ऐकत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एप्रिलात जयंती आली. संध्याकाळी मिरवणूक निघाली, वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, पुढं बंकटचा बँड. जालिंदर दरवर्षी पहिल्या ओळीत असायचा. चौकात वळताना त्याचा डावा पाय मुडपला, तो शेजारी डोक्यावर ट्यूबलाइट घेऊन चालणाऱ्या बाईवर पडला, आणि दोघंही खाली आली. क्लॅरिनेट दूर जाऊन पडलं. त्याला उठवलं तेव्हा तो धड उभा राहीना, बोलणंही जड येत होतं.

"मास्तर टाकून आलंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मोठ्यानं नाही, पण चारचौघांना ऐकू येईल असं.

बंकटनं क्लॅरिनेट उचललं, सदऱ्यानं पुसलं आणि स्वतःपाशी ठेवलं. "घरी जा जालिंदर," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तरी न्हाई करायचं हे."

घरी आल्यावर जालिंदर सिंधुबाईला म्हणाला, "मी प्यालो न्हाई." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. संजय आला, त्यालाही तेच सांगितलं. संजयनं बूट काढले आणि आत निघून गेला. लहानपणी बापाला रस्त्यावरून उचलून आणलेलं पोरगं ते. त्याला पुन्हा तेच दिवस दिसत होते. जालिंदरनं आणखी एकदा सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं.

पुढचे काही आठवडे या घरानं वाईट काढले. दुपारी जालिंदर झोपला की सिंधुबाई हळूच वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. कपाटामागं, पिठाच्या डब्यात, बाथरूमच्या पत्र्यावर बाटली शोधायची. कधीच काही सापडलं नाही. विहारात त्याला कुणी येऊ नको म्हटलं नाही, पण तो पाचवं शील म्हणायला लागला की शेजारच्याचा आवाज बारीक व्हायचा. तो मागं बसू लागला. मग जाईनासा झाला. गावातल्या एका डॉक्टरनं त्याला लिव्हरच्या गोळ्या दिल्या, आणि संजयला बाजूला घेऊन व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला.

एका सकाळी जालिंदरला सदऱ्याची गुंडी लावता येईना. सिंधुबाई लावायला गेली तर त्यानं तिला ओळखीच्या दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारली. पायजमा ओला झाला होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. त्याच दिवशी संजय त्याला अंबाजोगाईला घेऊन गेला.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "किती घेतात?"

"पहिलं सोडली व्हती," संजय म्हणाला. "आता पुन्हा घेतात बहुतेक."

जालिंदर बाकावर बसून हे ऐकत होता. डॉक्टर त्याच्यासमोर आले. म्हणाले, "काका, डोळे मिटा. दोन्ही हात पुढं धरा, तळवे वर. भाकरी घ्यायला धरतो तसे." जालिंदरनं हात धरले. उजवा जागच्या जागी राहिला. डावा मात्र हळूहळू आत वळत खाली आला. डोळे मिटलेल्या जालिंदरला वाटत होतं की दोन्ही सारखेच आहेत.

डॉक्टरांनी पुन्हा तेच करायला लावलं. पुन्हा तसंच झालं.

"दारूनं दोन्ही हात थरथरतात," ते संजयला म्हणाले. "एकच असा खाली येत नाही. डोक्याचा फोटो काढू."

फोटोत कवटी आणि मेंदूच्या मध्ये, उजव्या बाजूला, रक्ताचा जाड थर दिसला. मेंदू पलीकडं ढकलला गेला होता. एका दिवसात झालेलं हे नव्हतं. तीन-चार महिने थेंब थेंब साचत आलेलं होतं. उजव्या बाजूला दाब आला की शरीराची डावी बाजू लुळी पडते, हे संजयला तिथं उभ्या उभ्या कळलं. तो बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

त्याच दिवशी जालिंदरला लातूरला नेलं. तिथल्या मेंदूच्या सर्जननं कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. "काकवीसारखं झालं होतं," ते नंतर म्हणाले. "काळं, पातळ. जुनं रक्त असंच होतं." पुढच्या चार दिवसांत जालिंदर उठून बसला, सगळ्यांना नावानं हाका मारू लागला, आणि बोटं एकेक करून उघडमीट करू लागला.

डोक्याला कधी मार लागला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. जालिंदरला आठवेना. आठवलं ते बंकटला. तो भेटायला आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "चकलांब्याच्या लग्नाहून येताना टेम्पो खड्ड्यात आदळला व्हता. ह्याचं डोकं वरच्या रॉडला लागलं. मीच म्हणलो, टेंगूळ आलंय, हळद लाव." एवढं बोलून तो आत आला आणि जालिंदरच्या पायाशी बसला. बराच वेळ बसला. माफी-बिफी कुणी मागितली नाही.

धारूरला परत आल्यावर सिंधुबाई घरोघरी गेली. ज्यांनी विचारलं त्यांना आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही तिनं सांगितलं, "डोक्यात रक्त साचलं व्हतं. दारू न्हाई, रक्त." लोक म्हणाले, बघा, उगंच माणसाला नाव ठेवलं. जालिंदर घरात पडून हे ऐकत होता. एके दुपारी तिनं त्याच्या टाक्यांना औषध लावलं, तेव्हा तो म्हणाला, "मी झोपलो की तू वास घ्यायचीस. मला कळायचं."

सिंधुबाईचा हात थांबला.

"आला व्हता का वास?"

"न्हाई."

"मंग?"

"मला वाटलं, माझं नाकच दगा देतंय," ती म्हणाली. "तुमच्यावर इस्वास ठेवायच्या आधी मी माझ्या नाकावरचा काढला."

त्यानं डोकं पुन्हा तिच्यापुढं वाकवलं. त्या दिवसापासून त्याचं जेवण वाढताना तिला हलकं वाटू लागलं.

हे बरे दिवस फार टिकले नाहीत. दीड-एक महिन्यानं चप्पल पुन्हा निसटली. यावेळी सिंधुबाईनं वास घेतला नाही. तिनं त्याला हात पुढं धरायला लावले, डोळे मिटायला लावले, आणि डावा हात खाली येताना पाहिला.

रक्त पुन्हा साचलं होतं. लातूरच्या सर्जननं यावेळी भोकं न पाडता कवटीचा तुकडा उघडला. जुन्या रक्ताभोवती जाड पडदा तयार झाला होता. तो त्यांनी जमेल तेवढा सगळा सोलून काढला आणि त्यातला एक तुकडा तपासायला पाठवला. लातूरच्या लॅबनं तो पुढं मुंबईला पाठवला. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले, आणि आला तेव्हा डॉक्टरांनी संजयला एकट्याला बोलावलं.

"त्या पडद्यात लिम्फोमाच्या पेशी सापडल्यात," ते म्हणाले. "लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर."

संजयला वाटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली असेल. बाप तर बाहेर बाकावर बसून केळं खात होता.

घरी आल्यावर त्यानं आईला अंगणवाडीच्या मागं नेऊन सांगितलं. "बाबाला सांगायचं न्हाई. म्हणायचं, जखम भरंना म्हणून संभाजीनगरला दाखवायचंय. नाव ऐकूनच खचतील."

सिंधुबाई भिंतीला टेकून खाली बसली. रडून झाल्यावर म्हणाली, "सांगायचं."

"माय, कावून? काय मिळणार सांगून?"

"ह्या माणसानं आपल्याला खरं सांगितलं तवा आपण त्याला खोटं ठरिवलं. आता आपणच त्याच्याशी खोटं बोलायचं? मला न्हाई जमणार. तुला जमत असंल तर तू बोल. पण मला इचारलं तर मी सांगन."

संजय त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सिंधुबाईनंच सांगितलं, साध्या शब्दांत, जेवढं तिला कळलं होतं तेवढं. जालिंदरनं कप खाली ठेवला.

"संजयला ठाव हाय?"

"त्यानंच सांगितलं मला."

"मंग त्यो मला का न्हाई बोलला?"

"भ्यालाय," ती म्हणाली.

जालिंदर उठून संजयच्या खोलीच्या दारात गेला. आत गेला नाही. तिथूनच म्हणाला, "ड्युटीला जायाच्या आधी खाऊन जा." आणि परत येऊन चहा संपवला. नंतर दिवसभर तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. सिंधुबाईनं त्याला उठवलं नाही.

संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर दवाखान्यात जाण्याआधी ते तिघं पुन्हा लातूरला गेले. जालिंदरला एकच विचारायचं होतं.

"डॉक्टरसाहेब, कॅन्सर व्हता म्हणून रक्त साचलं, का रक्त साचलं म्हणून कॅन्सर झाला?"

सर्जननी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी कागद न घेता, हातांनीच समजावलं. कधीकधी हा कॅन्सर मेंदूच्या आवरणातच उगवतो. फोटोत तो साचलेल्या रक्तासारखा दिसतो किंवा तिथं रक्तस्राव करवतो. तो एक प्रकार. दुसरा उलटा. रक्त बंद जागेत साचून राहतं, त्याभोवती पडदा धरतो, आत सूज धुमसत राहते. बहुतेक माणसांच्या अंगात लहानपणी शिरलेला एक विषाणू असतो. तो जन्मभर गप्प असतो, कारण शरीराचा त्याच्यावर पहारा असतो. अशा कोंदट जागी पहारा कमी पडतो, आणि तिथल्या पेशी बिघडतात. "तुमच्या पडद्यात त्या विषाणूची खूण सापडली आहे, आणि पेशी रक्ताच्या गाठीतच आहेत, आवरणात शिरलेल्या दिसत नाहीत. म्हणून मला दुसरा प्रकार वाटतो. पण छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. असं रक्त पुष्कळांना साचतं, म्हाताऱ्या माणसांत तर नेहमी. त्यात हे सापडणं फार विरळ. माझ्या हातून तुम्ही पहिलेच."

"तुकडा पाठवला नसता तर?"

"तर कदाचित कुणालाच कळलं नसतं."

"मंग पाठवला कावून?" जालिंदरनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पण उत्तर हवं होतं.

"परत भरलं म्हणून," सर्जन म्हणाले. "उगीच कुणाचं परत भरत नाही, असं मला वाटलं. सगळ्यांचा तुकडा मी पाठवत नाही."

संभाजीनगरला सगळ्या अंगाचा स्कॅन झाला, पाठीतलं पाणी काढलं, कमरेच्या हाडातला मगज तपासला. हाडाच्या सुईला जालिंदर कळवळला. सिंधुबाई पडद्यापलीकडं उभी होती, तिनं आपल्याच हाताला चिमटा घेऊन धरला. कुठंच काही सापडलं नाही. मग तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सगळ्या डॉक्टरांनी मिळून ठरवलंय, सध्या औषध द्यायचं नाही.

सिंधुबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कॅन्सर हाय आन् औषध न्हाई?"

"हा प्रकार ऑपरेशननं निघून गेला की बऱ्याचदा तिथंच संपतो," बाई म्हणाल्या. "इंजेक्शनं जड असतात. यांच्या वयाला, नुकतं दोनदा डोकं उघडलेलं असताना, गरज नसताना ती दिली तर त्यानंच नुकसान व्हायचं. आपण दर तीन महिन्यांनी एमआरआय करू. काही दिसलं, की लगेच सुरू करू."

"आन् न्हाईच दिसलं तर?"

"तर बघत राहू."

हे बघत राहणं सगळ्यात अवघड गेलं. गावात बातमी पसरली ती वेगळीच. लोक म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्यायला सांगितलं. माणसं भेटायला येऊ लागली, हळू आवाजात बोलू लागली, जाताना सिंधुबाईच्या पाठीवरून हात फिरवू लागली. एक बाई तर जालिंदरच्या देखत म्हणाली, "काय खावंसं वाटलं तर द्या बाई." जालिंदरनं तिला चहा पाजला. ती गेल्यावर म्हणाला, "आधी म्हणले पिऊन पडतंय. आता म्हणतेत मरतंय. मला कुणी इचारतच न्हाई."

पण त्याला विचारलं असतं तरी त्याच्याकडं तरी काय उत्तर होतं? अंगात काही दुखत नव्हतं. भूक लागत होती. तरी सकाळी उठल्यावर तो आधी डाव्या हाताची बोटं हलवून बघायचा, मग चहा. स्कॅनची तारीख जवळ आली की घरात कुणी धड बोलेना. संजय खांबावर चढला की त्याचं लक्ष लागेना. एकदा चुकीची तार धरता धरता वाचला. त्यानं हे घरी सांगितलं नाही, वर्षभरानं सांगितलं.

पहिला स्कॅन स्वच्छ होता. दुसराही. तिसऱ्यात, जिथून पडदा काढला होता तिथं, एक पांढरी रेघ दिसली. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, "जखमेचा व्रण असेल. पण मी आज तसं म्हणणार नाही. सहा आठवड्यांनी परत बघू."

ते सहा आठवडे जालिंदर कुणाशी बोलला नाही म्हटलं तरी चालेल. एक दिवस मात्र तो बंकटच्या दुकानात गेला. बंकटनं त्याचं क्लॅरिनेट जपून ठेवलं होतं. जालिंदरनं ते जोडलं, फुंकायची पत्ती ओली केली, आणि वाजवायचा प्रयत्न केला. अनामिका अजून पुरती बसत नव्हती. तिसरं भोक उघडं राहत होतं. तो दोन-तीनदा थांबला, पुन्हा सुरुवात केली. मग क्लॅरिनेट सुटं केलं.

"दुसऱ्या कुणाला दे हे," तो म्हणाला.

"राहू दे की," बंकट म्हणाला. "बोटं येतील."

"आली तर दुसरं घेईन. हे पडून राहून खराब होतंय."

बंकटनं ते त्याच्या डोळ्यांदेखत कपाटात ठेवलं. पुढच्या लग्नसराईत ते धर्मापुरीकडच्या एका नव्या वादकाच्या हातात होतं. जालिंदरनं एका वरातीत ते ऐकलं, आणि घरी येऊन सिंधुबाईला म्हणाला की तो माणूस बरा वाजवतो.

सहा आठवड्यांनी रेघ तेवढीच होती. त्यानंतरच्या स्कॅनला थोडी पुसट झाली. व्रणच होता. आता दोन वर्षं होत आली. जालिंदर विहारात जातो, पुढं बसतो. डावा पाय थोडा घासतो, अनामिका अजून वाकडीच आहे. तरी माणूस डोळ्यांसमोर आहे.

परवाच्या खेपेला डॉक्टरीणबाई फोटो बघून म्हणाल्या, "आता तीन महिन्यांनी यायची गरज नाही. सहा महिन्यांनी या."

जालिंदरनं लगेच हात जोडले. सिंधुबाई तशीच बसून राहिली.

"तीन म्हैन्यालाच आलो तर न्हाई का चालणार?" तिनं विचारलं.

"चालेल, पण गरज नाही, मावशी."

बीडच्या स्टँडवर बस बदलायची होती. धारूरची गाडी लागायला वेळ होता. जालिंदरनं भजी आणली, कागद दोघांच्या मध्ये ठेवला. तो खुशीत होता. कितीतरी दिवसांनी त्यानं आपणहून काही विकत घेतलं होतं. सिंधुबाई एकही भजं उचलेना.

"सहा म्हैने लई असतात," ती म्हणाली. "तीन म्हैन्यात निदान कळतं तरी. सहा म्हैन्यात आत काय व्हईल, कुणाला दिसणार?"

"न्हाई दिसणार."

"तुमाला भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय," जालिंदर म्हणाला. "पण मला सारखं आत बघून घ्यायचा कट्टाळा आलाय, सिंधू."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तेवढ्यात गाडी लागली आणि माणसं धावली. जालिंदरनं कागद गुंडाळून तिच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि खिडकीची जागा धरायला पुढं गेला. ती त्याच्या मागून चालू लागली, त्याच्या डाव्या पायाकडं बघत.